तीन कॉर्डची गौळण: बदल नेमका कुठे करायचा?

गौरी-गणपतीत किंवा शिमग्याच्या दिवसांत गुहागर तालुक्यात रात्री बाहेर पडलात, तर हेदवी असो, नरवण असो की वेळणेश्वर, कुठे ना कुठे नमन किंवा जाखडी उभी असतेच. मृदंग, ढोलकी आणि झांजांच्या जोडीला आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. ते आले याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की गण झाला, गौळण झाली, साकी झाली, सवाल झाला, तरी सगळ्यांच्या खाली त्याच तीन कॉर्ड, त्याच क्रमाने, त्याच ठिकाणी वाजत राहतात. शाहिराने चाल नवी बांधलेली असते, शब्दांवर रात्री जागवलेल्या असतात, आणि ऐकणाऱ्याला मात्र वाटतं की हे मघाशीच ऐकलं.

यावर तरुण वादक जो पहिला उपाय करतात तो म्हणजे कॉर्ड वाढवायच्या. मोबाइलवर बघून सेव्हन्थ, नाइन्थ, डिमिनिश्ड असं काहीबाही शिकायचं आणि गौळणीत घालायचं. मग चाल खाली आणि कॉर्ड वर अशी उलटी गत होते. तुम्ही गावच्या मंडळात कीबोर्ड वाजवत असाल किंवा स्वतः चाली बांधत असाल, तर माझं सांगणं एवढंच आहे: कंटाळा तीन कॉर्डमुळे येत नाही. त्या तिन्ही कायम एकाच आकारात, एकाच तळावर आणि एकाच मात्रेला बदलतात म्हणून येतो. आधी हे तिन्ही सोडवा. चौथी कॉर्ड हवीच का, हे त्यानंतर तुम्हालाच कळेल.

समजायला सोपं जावं म्हणून इथे पांढरी एक हा सा धरतो. म्हणजे सा-ग-प ही सी मेजर, म-ध-सा ही एफ मेजर, प-नि-रे ही जी मेजर. तुमचा गायक काळी दोनला गात असेल तर सगळं तिथे सरकवा. सरगमीत विचार केला की पट्टी बदलली तरी काही बिघडत नाही. इंग्रजी अक्षरं पाठ करणाऱ्याची मात्र पट्टी बदलली की त्रेधा उडते आणि मग तो ट्रान्सपोजचं बटण शोधतो.

बोटं उचलू नका

सुरुवात हातापासून करू. बहुतेक जण सा-ग-प वाजवतात, मग अख्खा हात उचलून म-ध-सा वर नेतात, पुन्हा उचलून प-नि-रे वर. तिन्ही वेळा आकार तोच, आणि कानाला प्रत्येक वेळी उडी ऐकू येते. त्याऐवजी असं करा. सा-ग-प धरा. आता म ची कॉर्ड हवी आहे. तिच्यात सा आहेच, म्हणून सा चं बोट हलवायचं नाही. ग चं बोट शेजारच्या म वर आणि प चं ध वर सरकवायचं. झाली सा-म-ध. परत सा-ग-प वर या. आता प ची कॉर्ड हवी. इथे प कायम राहील. सा खालच्या नि वर येईल आणि ग रे वर. झाली नि-रे-प.

हे अगदी सावकाश, ठेका न लावता वाजवून बघा आणि मधलं बोट काय म्हणतं ते ऐका. ग, म, ग, रे, ग. ही स्वतःच एक छोटी चाल झाली. मुख्य चालीच्या खालून दुसरी एक बारीक चाल चालू आहे असा भास ऐकणाऱ्याला होतो, आणि तुम्ही तर नवी कॉर्ड एकही घेतलेली नाही. निव्वळ एवढ्या बदलाने एखाद्या मंडळाचा आवाज एका तालमीत बदलू शकतो, म्हणून मी यावर इतर कशाहीपेक्षा जास्त भर देतो.

एक अडचण आहे. कीबोर्डवर स्टाइल लावलेली असेल तर हे सगळं वाया जातं. साध्या फिंगर्ड पद्धतीत तुम्ही बोटं कशीही मांडा, यंत्र कॉर्डचं नाव ओळखतं आणि तळाला तिचा मूळ स्वरच वाजवतं. काही कीबोर्डमध्ये ‘फिंगर्ड ऑन बेस’ अशी सोय असते. तीत सर्वांत खाली जो स्वर दाबाल तोच तळाला वाजतो. ती नसेल तर स्टाइल बंदच करा. मृदंग आणि ढोलकी समोर बसलेली असताना यंत्रातल्या ड्रमची गरज तरी काय?

एक ओळ, चार आवर्तनं

आता प्रत्यक्ष एक चाल घेऊ. गौळणीच्या धाटणीची, केरव्यातली, आठ मात्रांची चार आवर्तनं. पहिलं: ग ग म प, प – म ग. दुसरं: म म ग रे, रे – – –. तिसरं: ग ग म प, ध – प म. चौथं: ग – रे नि, सा – – –, यातला नि खालच्या सप्तकातला. कीबोर्डवर एका बोटाने वाजवून बघा, साधी चाल आहे, लगेच बसेल.

नेहमीची साथ काय होते? पहिल्याला सा ची कॉर्ड, दुसऱ्याला प ची, तिसऱ्याला अर्धं सा आणि अर्धं म, चौथ्याला अर्धं प आणि अर्धं सा. यात चूक काही नाही. पहिलं कडवं असंच वाजवा. ऐकणाऱ्याला चाल कळू द्या. पहिल्याच ओळीपासून करामत सुरू केली तर पुढे बदलायला काही उरत नाही.

पुढच्या वेळी दुसऱ्या आवर्तनाकडे बघा. चाल तिथे म वरून रे वर उतरते. म आणि रे हे दोन्ही स्वर रे-म-ध या मायनर कॉर्डमध्ये आहेत. म्हणून पहिल्या चार मात्रांना रे-म-ध द्या आणि रे लांबतो तिथे प ची कॉर्ड आणा. पूर्वी जिथे नुसतं थांबणं होतं तिथे आता आधी एक हळवी छटा येते आणि मग प वर येऊन प्रश्न उभा राहतो. गौळणीत गवळणी मावशीला काही विचारत असतील तर तो प्रश्न ऐकूही येतो.

मग तळ. डाव्या हाताची करंगळी नेमकी कुठे असावी? पहिल्या आवर्तनात सा. दुसऱ्यात रे, आणि प च्या कॉर्डला तळाशी प न ठेवता खालचा नि ठेवा. नि वरून सा वर जाण्याची ओढ इतकी असते की तिसरं आवर्तन आपोआप उचललं जातं. तिसऱ्यात सा वर दोन मात्रा, ग वर दोन मात्रा, मग म वर चार. चौथ्यात प आणि शेवटी सा. ही तळाची ओळ एकटी गाऊन बघा: सा, रे, नि, सा, ग, म, प, सा. ती गुणगुणता आली पाहिजे. येत नसेल तर तळ नीट बांधला गेला नाही असं समजा. तिसऱ्या आवर्तनात तळ ग वर येतो त्या दोन मात्रांत वरच्या हाताने सा-ग-प मध्ये कोमल नि मिसळा. म कडे जाण्याचा ओढा वाढतो. चालीला खमाजाचा वास असेल तर हा कोमल नि घरचाच वाटतो. पण त्या क्षणी गायक शुद्ध नि लावत असेल तर तो टाळा.

आता चौथ्या आवर्तनाच्या पहिल्या चार मात्रा. चालीत ग आहे आणि खाली प ची कॉर्ड. ग थोडा घासतो. तळाला प धरा, पण वरच्या हातात अजून सा-ग-प च ठेवा. गायक ग वरून रे वर उतरला की त्याच क्षणी तुमचा ग रे वर आणि सा नि वर येऊ द्या. प हलायचाच नाही. हेदवीच्या बामणघळीत भरतीला लाट आत शिरून क्षणभर दाबली जाते आणि मग उसळते, तसा तो दोन मात्रांचा दाब आहे. जागा चुकली, अर्धी मात्रा आधी किंवा नंतर झाली, तर काहीच उसळत नाही. म्हणून तालमीत ही एवढीच जागा गायकाबरोबर पुन:पुन्हा घ्या.

शेवटचा सा

कॉर्ड बदलण्यासाठी चालीतली सर्वांत श्रीमंत जागा म्हणजे ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर. आपल्याकडे तो बहुधा सा असतो आणि त्यावर कोरस थांबलेला असतो. तो सा तीन कॉर्डमध्ये सापडतो: सा-ग-प, म-ध-सा आणि ध-सा-ग. गायकाला काहीही न बदलता तीन वेळा तीन वेगवेगळे अर्थ देता येतात.

ओळ पहिल्यांदा संपते तेव्हा सा खाली ध-सा-ग ठेवा. कानाला वाटतं, अजून संपलेलं नाही, आणि ओळ पुन्हा घ्यायला कारण मिळतं. दुसऱ्यांदा सा-ग-प. कडव्याच्या अगदी शेवटी, कोरस सा धरून असताना, आधी म-ध-सा, मग ध कोमल करून म-कोमल ध-सा, आणि मग सा-ग-प. ध, कोमल ध, प असा एक स्वर आतून उतरत जातो. ही जागा अतिशय गोड आहे, म्हणूनच ती एका गाण्यात एकदाच वापरा. गण किंवा आरतीच्या शेवटी चालेल. सवाल-जवाबात, जिथे शाहिराला समोरच्याला आव्हान द्यायचं आहे, तिथे तो मऊपणा शोभत नाही. तिथे ग काढून नुसतं सा-प वाजवा. आवाज कणखर होतो.

मायनर-मेजरच्या या खेळासाठी आपल्याला फार लांब जायला नको. गोव्याचा मांडो ऐका. मायनरमध्ये चाललेलं गाणं मेजरमध्ये जातं आणि परत येतं, दोन आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने जोडीने गातात. तिथल्या पॅरिश शाळांतून असं संगीत शिकलेली माणसं मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटांची गाणी त्यांनी वाद्यवृंदासाठी बांधून दिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबास्टियन डिसोझा हे दुसरे. त्या काळातली गाणी ऐकताना एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त मागची व्हायोलिनं ऐका. अनेकदा ती कॉर्डचे ठोकळे वाजवत नाहीत. गायक थांबतो तिथे चालतात आणि गायक चालतो तिथे थांबतात. कीबोर्डच्या उजव्या हाताने आपल्याला हेच करायचं आहे.

कधी बदलायची, कधी नाही

समेवर कॉर्ड बदलणं ही सवय झालेली असते. ती मोडून बघा. सम येण्याआधी अर्धी मात्रा कॉर्ड आणली तर चाल पुढे झुकते, नाचणाऱ्यांच्या पायांना जोर येतो. जाखडीच्या द्रुत भागात हे छान लागतं. उलट, सम उलटून गेली तरी जुनीच कॉर्ड धरून ठेवली आणि दोन मात्रांनी सोडली तर गौळणीत आर्जव येतं. एका गाण्यात दोन्ही करू नका, ऐकणाऱ्याचे पाय गोंधळतात.

आणि न बदलणं हाही एक बदल आहे. पूर्ण एक कडवं फक्त सा-प धरून ठेवा. मृदंग, झांज, गायक आणि खाली एकच सूर. नमनाची जुनी रीत अशीच होती, कॉर्ड नव्हत्याच, आणि म्हणून त्यात काही कमी नव्हतं. असं एक कडवं गेल्यावर पुढच्या ओळीला साधी म-ध-सा आली तरी दार उघडल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर आपल्या मंडळांनी या एका गोष्टीचा सर्वांत कमी उपयोग केला आहे.

चाल कुठल्या स्वरांची आहे?

कॉर्ड लावण्यापूर्वी चालीतले स्वर कागदावर लिहून काढा. हे न करता साथ केली की चालीचा रंग उडतो. भूपालीच्या अंगाची चाल असेल तर तिच्यात म आणि नि नाहीत. त्या पाच स्वरांतून पूर्ण कॉर्ड दोनच निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तुम्ही सवयीने म-ध-सा वाजवलीत तर चालीत नसलेला म येऊन बसतो. त्याऐवजी सा-रे-प आणि रे-प-ध वाजवून बघा. त्या मेजरही नाहीत, मायनरही नाहीत, पण भूपालीच्या आहेत. दुर्गाच्या अंगाची चाल असेल तर तिच्यात ग नाही आणि नि ही नाही. मग घरची सा-ग-प हीच कॉर्ड परकी ठरते. तिथे सा-रे-प किंवा सा-म-प ठेवा.

भैरवीत तर फारच मजा आहे, आणि भजनाची सांगता पुष्कळदा तिथेच होते. रे, ग, ध, नि कोमल असले की सा ची कॉर्ड मायनर होते, म ची मायनर, पण कोमल रे ची कॉर्ड, म्हणजे कोमल रे-म-कोमल ध, मेजर निघते. प ची मात्र डिमिनिश्ड होते, कारण प च्या वर शुद्ध रे नाही. म्हणून भैरवीत प वरून सा वर येण्याचा नेहमीचा मार्ग नीट लागत नाही आणि वादक गडबडून शुद्ध नि घालतात. तसं करू नका. कोमल रे च्या कॉर्डवरून सरळ सा च्या मायनरवर उतरा, अर्धा स्वर खाली. भैरवीचा सगळा जीव त्या अर्ध्या स्वरात आहे. कोमल नि-कोमल रे-म या मायनर कॉर्डवरूनही सा वर येता येतं. ते जरा शांत वाटतं.

पेटीवाल्यांसाठी

भजनाच्या बुवांचा एक हात भात्यावर असतो, म्हणून कीबोर्डचं सगळं पेटीवर जमत नाही, आणि जमवू नये. पेटीच्या स्वरांची विभागणी समान असते. तिचा शुद्ध ग हा तंबोऱ्याच्या षड्जातून आपसूक उमटणाऱ्या ग पेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो; सेंट म्हणजे दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पेटीच्या स्वरांवरच्या अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. बंदी योग्य होती असं मी म्हणणार नाही, पण त्यातून घेण्यासारखं एक आहे. गळा तयार असलेला गायक ग वर थांबला असेल तेव्हा पेटीने ग ठासून वाजवू नये. सा आणि प द्या, ग त्याला गाऊ द्या. कॉर्ड पुरी होते आणि ग खरा लागतो.

बाकी पेटीवर दोन स्वर पुरतात. चाल वाजवता वाजवता ओळीच्या शेवटच्या स्वराखाली जोडीचा एक स्वर धरा: सा खाली ध, किंवा सा खाली म. वर सांगितल्यासारखे वेगवेगळे अर्थ इथेही निघतात.

तालमीआधी आणि मांडवात

मंडळातली निम्मी मुलं मुंबईला असतात. चाकरमानी गणपतीच्या तोंडावर गावी पोचतात आणि एकत्र तालीम जेमतेम होते. म्हणून कॉर्ड लिहून पाठवा. वहीच्या पानावर एका आवर्तनाला एक चौकट आखा, तिचे दोन भाग करा, वरच्या ओळीत चालीचे स्वर, मधल्या ओळीत कॉर्ड, खालच्या ओळीत तळाचा स्वर. वरच्या चालीसाठी अशा चार चौकटी झाल्या, एवढंच. त्याचा फोटो आणि सोबत दोन रेकॉर्डिंग पाठवा: एक फक्त चाल आणि तळ यांचं, दुसरं पूर्ण. पहिल्यावरून ढोलकीवाल्यालाही कळतं की कुठे भरायचं आणि कुठे जागा सोडायची.

मांडवात झांजा सुरू झाल्या की वरच्या सप्तकातलं सगळं बुडतं. तिथे बारीक, उंच कॉर्ड वाजवून उपयोग नाही. पण फार खालीही जाऊ नका. खालच्या सप्तकात सा आणि ग शेजारी आले की नुसती घरघर होते. तळाला एकटा स्वर किंवा सा-प, आणि तिन्ही बोटांची कॉर्ड मधल्या सप्तकात, गायकाच्या आवाजाच्या जरा खाली. टोनही निवडून घ्या. लांबणारा व्हायोलिनचा टोन लावला तर कॉर्ड बदलण्याच्या क्षणी बोटं एकाच वेळी सुटली पाहिजेत, नाहीतर आधीची कॉर्ड मागे लोंबत राहते. पियानोचा टोन आपोआप विरतो. नव्याने शिकणाऱ्याने तोच घ्यावा. आणि खेळ सुरू होण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी कीबोर्डवर बसवून, ढोलकी आणि झांजा चालू ठेवून, तुम्ही स्वतः मांडवाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहा. तिथे तळाचा स्वर आणि गायकाचे शब्द हे दोन्ही स्पष्ट ऐकू येत नसतील, तर कॉर्डचा आवाज कमी करा.